नरसय्यामामांच्या मागाचं कार्ड

घरी सर्किट बोर्ड करणाऱ्या माणसाकडे बोर्ड कमी आणि किस्से जास्त साठतात. बिघडलेला बोर्ड फेकून देता येतो, किस्सा टाकवत नाही! आमच्याकडचे बहुतेक किस्से एकाच कार्डाचे, म्हणजे बोर्डाचे आहेत.

झालं असं, की आमच्या ओळखीच्या नरसय्यामामांच्या टॉवेल विणायच्या यंत्रमागावर धागा तुटला की माग थांबवणारं कार्ड जळलं. तसलं कार्ड आता बाजारात मिळत नाही आणि माग तर बंद पडलेला. मामा माझ्या मित्राकडे, शिवानंदकडे आले. हा इलेक्ट्रॉनिक्सचा निवृत्त मास्तर. म्हणाला, "मामा, घरीच करू की!"

मी मदतीला. मदत म्हणजे चहा पिणं.

* * *

पद्धत सोपी. सर्किटचा नकाशा गुळगुळीत कागदावर लेसर प्रिंटरने छापायचा, तांब्याच्या पत्र्यावर ठेवून इस्त्री फिरवायची, की शाई पत्र्यावर उतरते. शाईबाहेरचं तांबं रसायनात विरघळवायचं आणि पायांसाठी भोकं पाडायची. माप मात्र बिनचूक हवं, कारण चाळीस पायांची आयसी, म्हणजे चिप, बसवायची होती.

पहिल्या कार्डात पहिला पाय बसला, दुसरा बसला. चाळिसावा शेजारच्या घरात!

नकाशा छापून देणाऱ्या झेरॉक्सवाल्या काकांना विचारलं. ते खुशीत म्हणाले, "तुमचं चित्र कडेला चाललं हुतं. मी जरा बारीक करून मदोमद बसवलं. किती छान दिसतंय बगा की!"

* * *

दुसऱ्या वेळी माप तपासायला छापलेली पट्टी इस्त्रीच्या टेबलावरच राहिली. शिवानंदच्या बायकोने, महानंदावहिनींनी, तिच्यावर त्याचा पांढरा शर्ट पसरला आणि कडक इस्त्री मारली. अक्कलकोटला लग्नात पोचल्यावर कळलं, की साहेबांच्या पाठीवर शून्य ते शंभर मिलिमीटरची पट्टी उमटली आहे.

वहिनी लाजेने लाल. शिवानंदने तिथेच माझ्या हातात बारीक मापं घ्यायचा कॅलिपर दिला. (हा माणूस लग्नाला कॅलिपर घेऊन जातो!) "मोज रे पटकन!"

मी मोजलं. बरोबर शंभर. आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक माप आलं, ते पाठीवर.

* * *

मग आयसीचे तीस पाय बसायला लागले, पुढचे अडायचे. शिवानंद कागदाला शिव्या घालत होता. मामा शांतपणे म्हणाले, "सर, प्रिंटरात कागद तापतोय न्हवं? मग आटणारच की. आमचा टॉवेल बी आटतो. लांबीत येगळा, रुंदीत येगळा. आमी तेवढं आदीच जास्त धरतो."

शिवानंदने लगेच कॅलिपर उचलला. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या, तर खरंच, लांबी जास्त आटली होती!

"आनि सर, आटायचं ते आदीच आटू द्या. एकदा कोराच घाला की आत."

इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पण हे मला सुचलं नाही, असं शिवानंद उघड म्हणाला. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

* * *

कोरा कागद घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात.

"काय छापायचं?"

"काहीच नाही."

"किती कापी?"

"एकच. पण गरम पाहिजे."

काकांनी आधी मला खुर्ची दिली, मग पाणी दिलं.

* * *

शेवटी कार्ड जमलं. चाळीसच्या चाळीस पाय अलगद आत! आम्ही तिघं मामांच्या कारखान्यात गेलो. तारा जोडल्या, माग सुरू केला. मामांनी हाताने धागा तोडला आणि माग जागच्या जागी थांबला. पुन्हा तोडला, पुन्हा थांबला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, माझ्याही.

आता फक्त मागावरच्या लोखंडी डब्यात कार्ड ठेवून चार स्क्रू पिळायचे. शिवानंदने ऐटीत कार्ड ठेवलं. एकही भोक जुळेना! फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं. मग कपाळाला हात लावला. "अय्यो, जुन्या कार्डावरून चारदा मोजलंय की मी!"

मामा हळूच पुढे आले. "सर, चूक तुमची न्हाई. तुमचं कार्ड सारकं ल्हानच येत हुतं. तुमाला किती तरास द्यायचा? म्हनून तुमी टाकलेलं एक कार्ड नेलं आनि त्याच्या मापानं डब्यालाच नवी भोकं पाडून घेतली. जुनी वाईट दिसत हुती, ती वेल्डिंगनं बुजवली."

शिवानंदने खिशातून कॅलिपर काढला, डब्याची चारही भोकं नीट मोजली आणि माझ्याकडे वळून म्हणाला,

"एका फटक्यात बरोबर आलीत की रे!"