कडूबाईनं पट्टा पाडला

कडूबाईला नडू नये, हे पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांना केव्हाच कळलं होतं. केडगावच्या रविराजला ते कळायला एक अख्खा रविवार लागला, त्याला कोण काय करणार!

बावीस हंगाम ऊस तोडून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा बाईनं कोयता ठेवला आणि केडगावातल्या एका अभ्यासिकेत झाडलोट धरली. तिथं रविवारी दुपारी रविराज, अभ्यासिका सांभाळणारी निकिता आणि आणखी एक जण असे तिघं पत्त्यांचा एक नवाच खेळ मांडत. सुरुवातीला प्रत्येकाकडं दहाच पानं. टेबलावरच्या ढिगांतून नवी पानं विकत घ्यायची, आपल्या गड्डीत मिसळायची, पिसायची, पाच उचलायची. शेवटी ज्याच्या गड्डीत किल्ल्यांचे आणि गढ्यांचे गुण जास्त, तो जिंकला. फरशी पुसता पुसता बाईनं सगळं हेरलं. तिघांतल्या एकाची बदली झाली आणि निकितानं विचारलं, "मावशी, बसता का?" बाई पदर खोचून बसलीच.

मग काय, ओळीनं आठ रविवार हरली. रविराज वैतागला. "मावशी, आज हरलात तर खुर्ची सोडा हं. माझा एक मित्र यायचं म्हणतोय."

नवरा अजिनाथ गेल्यापासून निकिताशिवाय कडूबाईला कुणी "बसा" म्हणालं नव्हतं. "उचला" न् "पुसा", एवढंच. ती खुर्ची तिला हवी होती, अगदी हट्टानं हवी होती. "बरं," ती म्हणाली, "पन निकिता, आधी नियम पुन्यांदा वाच."

निकितानं वाचलं: सगळे किल्ले संपले की डाव संपतो, नाहीतर कुठलेही तीन ढीग रिकामे झाले की. ते दुसरं कुणी कधी मनावर घेतलंच नव्हतं.

बाईनं घेतलं. तिच्या पहिल्याच हंगामात टोळी लांबच्या फडात ऊस तोडत राहिली आणि तिकडं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम बंद. ट्रॅक्टर दुसऱ्या टोळ्या भरून निघून गेले आणि ही चार दिवस उघड्या रानात बसली. तेव्हापासून किती तोडलं यापेक्षा पट्टा कधी पडणार, इकडं तिचा कान.

रविराज सवयीप्रमाणं महागडी पानं जमवत बसला. किल्ले काय, शेवटी घेऊ! बाई मात्र 'बाजार' उचलत सुटली. हातात बाजार आला की एका खेपेला एक पान जास्त घेता येतं. बाजार संपले. मधूनमधून तिनं एकेका गुणाच्या पाच गढ्या घेतल्या. मग 'दगड' घ्यायला लागली. दगड फुकट, आणि उपयोग शून्य, उलट गड्डी बिघडते. रविराज हसून हसून बेजार. "अहो, दगड कुणी घेतं का!"

"तुला नगं ना? मग मला घिऊ दे."

दगडही संपले. गढ्यांच्या ढिगात दोनच उरल्या. रविराजनं पहिला किल्ला घेतला, सहा गुणांचा, आणि ऐटीत मागं रेलला. कडूबाईच्या हातात बाजार होता, दोन गढ्यांपुरती नाणीही होती. तिनं दोन्ही उचलल्या.

"झालं. पट्टा पडला."

"हे कसलं जिंकणं! मी आत्ता कुठं किल्ले घ्यायला लागलो होतो!"

निकितानं गुण मोजले. कडूबाई सात, रविराज सहा, निकिताचे स्वतःचे तीन. रविराजनं नियमांचं पुस्तक ओढून तीनदा वाचलं. मग मान खाली घालून मित्राला फोन लावला. "नको येऊस रे. इथं जागा नाही."

कडूबाईनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पिस, बाबा," ती म्हणाली.