मधली पगडी

फूलबागेजवळच्या एका मॅरेज गार्डनच्या फाटकासमोर मी अनोळखी माणसांच्या डोक्यांवरच्या पगड्या उचलून आत डोकावत फिरलो आहे. भर वरातीत, बँड वाजत असताना. अंगात नवा कुर्ता होता आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो. ज्यांना याबद्दल शंका आली त्यांना मी दोष देत नाही. पण हे प्रकरण समजायचं तर आधी आमचं दुकान समजायला हवं.

दुकान ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाड्याच्या मागच्या गल्लीत. आजोबा पगड्या बांधायचे, वडील बांधायचे. आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवारी घेऊन आले असं आम्ही सगळ्यांना सांगतो. त्यांतल्या एकाला तलवारीपेक्षा कापड बरं वाटलं असावं, हे सांगत नाही. शिंदेशाही पगडी बांधायची म्हणजे लांबच लांब तलम चंदेरी कापडाला दोरीसारखा पीळ द्यायचा आणि तो पीळ लाकडी ठोकळ्यावर फेऱ्या घालत असा बसवत जायचा की समोर चोच ताठ उभी राहावी आणि बाकीचा घेर डोक्याला धरून बसावा. गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप आधी दोऱ्याने घेतलेलं असतं, त्यामुळे एकाची पगडी दुसऱ्याला सहसा होत नाही. हे सगळं वडिलांनी मला मनापासून शिकवलं आणि मीही मनापासून शिकलो. माझी पहिली पगडी एका गृहस्थांनी दसऱ्याला घातली. शमीच्या पूजेला वाकले, नमस्कार केला, आणि उठले तेव्हा पगडीचं एक टोक पाठीवरून कमरेपर्यंत लोंबत होतं. मागे उभ्या असलेल्या कुणीतरी ते मदत म्हणून ओढलं. वडील नंतर बरेच दिवस त्या गृहस्थांच्या गल्लीतून जायचं टाळत होते.

घराण्याची विद्या माझ्या हातून बुडणार हे दिसायला लागलं तेव्हा माझ्या बायकोने ती उचलली. तिच्या माहेरी सगळे सरकारी नोकरीवाले. पगडी पाहिली ती भिंतीवरच्या फोटोत. वडिलांचे हात कापायला लागले होते, म्हणून ते तोंडाने सांगायचे आणि ती बांधायची. काही महिन्यांनी त्यांनी सांगणं बंद केलं. एक दिवस तिने बांधलेली पगडी ठोकळ्यावर फिरवून फिरवून पाहिली आणि मला म्हणाले, "तू आपला गल्ल्यावर बसत जा." इतकी स्वच्छ वाटणी आमच्या घराण्यात त्याआधी झाली नव्हती.

गल्ल्यावर बसून मी जे पहिलं मोठं काम केलं ते म्हणजे कारखान्याच्या पगड्या दुकानात आणल्या. काय करणार, लोक तेच मागत होते. आत पुठ्ठा आणि फोम, वर सॅटिन, गमाने चिकटवलेली जरीची लेस आणि मागे इलास्टिक, म्हणजे कुठल्याही डोक्याला चालावी. घाट मात्र हुबेहूब आमचा. कुणीतरी चांगला फोटो समोर ठेवून साचा काढला असणार. कार्टनमधून येतात त्या एकात एक बसवलेल्या. बायको त्यांना बादल्या म्हणते. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी म्हणते.

"अहो, या बाईंना ती लाल बादली दाखवा."

होता होता बादल्या पुढच्या फळीवर आल्या आणि तिचा ठोकळा मागच्या खोलीत गेला. त्याचंही तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. ती चिडली ती निराळ्या गोष्टीवर. लागोपाठ दोन लग्नांत असं झालं की घरच्यांनी हौसेने तिच्याकडून पगडी बांधून घेतली आणि ऐन लग्नात नवरदेवाने सगळ्यांसारखी दिसावी म्हणून बादलीच घातली. तिची पगडी गेली काचेच्या कपाटात, ट्रॉफ्यांच्या शेजारी.

"शोकेससाठी मी बांधत नाही," ती म्हणाली. "बोटं दुखतात माझी."

हरिशंकरपुरमला तिच्या मैत्रिणीचं बुटीक आहे. फॉल-पिको, ब्लाउज, बसून करायचं काम, वर पंखा. मैत्रीण केव्हापासून ये ये म्हणत होती. त्या थंडीत आमच्याकडे हातच्या पगडीची एकच ऑर्डर आली, एका मराठी घरातल्या नवरदेवाची. बायकोने कापड पाण्यात घालतानाच मला सांगून ठेवलं, "ही एक बांधून देते. त्या मुलाने ती घालून लग्न केलं तर ठीक. हीसुद्धा कपाटात गेली तर सोमवारपासून मी बुटीकमध्ये. मग तुम्ही आणि तुमच्या बादल्या."

ती हे ओरडून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती कापड पिळत म्हणाली.

बाकीच्या वरातीसाठी कारखान्याच्या पगड्या हव्या होत्या, त्याही आमच्याकडूनच. लग्नाचं सगळं सांभाळणारा इव्हेंटवाला मुलगा आपल्यातलाच, पण बोलायला लागला की अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरायचा. "काका, थीम कुसुंबी आहे ना. नवरदेवाची पण सेम पाहिजे. एक अलग दिखेगी तो फोटो में अजीब लगेगा." बायकोने तोंड वाकडं केलं, पण कापड त्याच कुसुंबी रंगात रंगवून घेतलं. बांधून झाली तेव्हा ती पगडी लाकडी डब्यात ठेवून डबा तिने माझ्या मांडीवर दिला आणि टेंपोवाल्याला सांगितलं, "भैया, गड्ढे देखके."

आता माझी कामगिरी.

गोरज मुहूर्त होता, म्हणजे उन्हं उतरायच्या आत वरात निघायला हवी. मी मॅरेज गार्डनवर वेळेत पोचलो. फाटकाशी एक लांब टेबल होतं, त्यावर बादल्या मांडल्या. मांडता मांडता मला वाटलं, आपल्या बायकोची कला जगाला कळायला हवी. डबा उघडला, तिची पगडी काढली, टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली, दोन्ही बाजूंना बादल्या लावल्या आणि मोबाइलवर फोटो काढला. स्टेटस टाकायचं होतं: 'ओळखा, यातली असली कोणती?' तिथे नेटवर्क नव्हतं म्हणून मी जनरेटरच्या पलीकडे गेलो. मी एका बोटाने टाइप करतो. 'असली'वर मोबाइलने मला तीनदा अडवलं. स्टेटस गेलं, लगेच मेव्हण्याचं उत्तर आलं, 'डावीकडून पहिली.' त्याला चार शब्द सुनावले आणि परत आलो, तर टेबल रिकामं.

"हो गया काका," इव्हेंटवाला म्हणाला. "सब बँट गई. मुलांनी दोन्हीकडून उचलल्या, एकदम फटाफट. नवरदेवाला मीच घातली."

नवरदेव घोडीवर बसला होता. आमच्याकडे मराठी लग्नातही घोडी असते. इतक्या पिढ्या ग्वाल्हेरात काढल्यावर तेवढं होणारच. घोडी मान हलवायची आणि पगडी त्याच्या भुवयांवर यायची. तो ती वर सारायचा. बादली.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"मधली," ती म्हणाली. "हे काय कोडं झालं?"

"बरोबर," मी म्हणालो.

"ती टेबलावर काय करतेय? डब्यात हवी ना."

"आता टेबलावर नाहीये."

"बँड वाजतोय मागे. वरात निघाली?"

"निघतेच आहे."

"मग डोक्यावर आहे ना?"

"डोक्यावर आहे," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. कुणाच्या, ते तिने विचारलं नाही.

"फोटो पाठवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पगडीला परक्याने हात घालणं म्हणजे काय, हे आमच्या शहरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरी मी सुरुवात केली. एका चष्मेवाल्या काकांची पगडी मागून हळूच उचलली. आत फोम.

"काय हो?"

"माप बघतोय."

"आता?"

दुसऱ्याची चोच चाचपली. त्याला वाटलं मी आशीर्वाद देतोय, तो पाया पडला. एक तरुण म्हणाला, "अंकल, सेल्फी लेनी है क्या?" चौथे गृहस्थ अंगाने भरदार होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि शांतपणे विचारलं, "कोणाकडचे तुम्ही?" मी म्हणालो, पगडीवाला. ते म्हणाले, "मग तुम्हाला तर कळायला हवं." मला कळत होतं, पण सगळ्या पगड्या एका रंगाच्या आणि एका घाटाच्या. मी त्याच घराण्यात जन्मलो, बापाजवळ बसून शिकलो, आणि मला माझ्याच बायकोची पगडी लांबून ओळखू येईना.

मी फाटकाजवळच्या कुंडीच्या काठावर बसलो. मनात सोमवार आला. मागच्या खोलीत ठोकळा रिकामा, आणि मी पुढे बादल्या विकतोय असं दिसायला लागलं. समोर वरात नाचत होती. मी उगाच बघत राहिलो, आणि बघता बघता एक मजा लक्षात आली. सगळे एकेका हाताने नाचत होते. दुसरा हात डोक्यावर. उडी मारली की पगडी उडते, मान फिरवली की पगडी तिथेच राहते आणि माणूस फिरतो, म्हणून प्रत्येकाने आपापली धरून ठेवली होती. सबंध वरातीत एकच माणूस दोन्ही हात वर करून नाचत होता.

ते नवरदेवाचे मामा होते, इंदूरहून आलेले. पोट सुटलेलं, कपाळावर घाम, आणि डोकं असं फिरवत होते की बघणाऱ्याला चक्कर यावी. पगडी हलत नव्हती. बँडवाल्यांनी नागिणीची धून घेतली. मामांनी रुमाल दातांत धरला, गुडघ्यांवर बसले, मग मागे कलले, मग सरळ रस्त्यावर पाठ टेकून लोळले. उठले तेव्हा शेरवानी धुळीने माखली होती आणि पगडी दुपारी आमच्या घरातून निघाली तशीच होती, चोच समोर. मी कुंडीवरून उठलो होतो. ती परत घ्यायची आहे हे खरंच काही वेळ विसरलो. शेजारच्या माणसाला म्हणालो, "माझ्या बायकोने बांधली आहे." तो म्हणाला, "काय?"

पुढे होऊन मी मामांना गाठलं. "मामासाहेब, ही नवरदेवाची आहे."

"मग?"

"त्यांच्या मापाने बांधलेली आहे."

"माझ्या मापाची आहे," ते म्हणाले आणि पुरावा म्हणून मान गदागदा हलवली. "मी नाही देत. त्याला दुसरी द्या, इतक्या आहेत की."

नवरदेवाची आई, म्हणजे मामांची बहीण, हे ऐकत होती. "दादा, काढ. तुझं आणि ह्याचं डोकं पहिल्यापासून एकच आहे. बाहेरून पण आणि आतून पण."

मामांनी पगडी काढली आणि दोन्ही हातांत धरून जरा बघितली. "कोण बांधतं ही?"

"घरीच. आमच्या मिसेस."

"मला केशरी पाहिजे. माप घ्यायची गरज नाही, भाच्याचं आहेच तुमच्याकडे. आणि तोवर मी उघड्या डोक्याने नाचीन, तो टोप मला देऊ नका."

नवरदेवाच्या डोक्यावर मी स्वतः बसवली. घोडीने मान झटकली, त्याने सवयीने हात वर नेला, पगडी जिथल्या तिथे होती, हात खाली आला. मी फोटो काढला. इव्हेंटवाला शेजारी येऊन म्हणाला, "काका, फोटोमध्ये थोडी अलग दिखती है."

"दिसू दे," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या कमी शब्दांत मी कधी उत्तर दिलेलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. टेबल, स्टेटस, पाया पडलेला मुलगा, काहीही गाळलं नाही. तसंही इंदूरमार्गे तिच्यापर्यंत पोचलंच असतं. माझ्या भागावर तिने फक्त कपाळाला हात लावला. मामांच्या भागावर मात्र थांबवलं.

"लोळले?"

"पाठ टेकून."

"रस्त्यावर?"

"डांबरी रस्त्यावर."

"आणि?"

"तसूभरही नाही."

सोमवारी सकाळी मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी गल्ल्यावर होतो, मागच्या खोलीतून ऐकू आलं. "नाही गं, या महिन्यात नाही जमायचं. केशरी कापड आणायचंय. हो, इंदूरचं गिऱ्हाईक आहे." शेवटचं वाक्य ती जरा मोठ्याने बोलली.

एका केशरी पगडीने धंदा तरत नाही, हे मलाही कळतं. बादल्या आजही पुढच्या फळीवर आहेत, आणि पुढच्या महिन्यात मैत्रीण पुन्हा फोन करील. पण केशरी कापड आणून भिजवलं, ते वाळलं त्या दुपारी तिने मला मागे बोलावलं. पीळ देताना दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. ते मी धरतो, आणि त्यात मी चांगला आहे, असं तीसुद्धा म्हणते. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केशरी कापड ताणलं गेलं आणि पलीकडच्या टोकाला ती पीळ घालू लागली.

"परत सांगा," ती म्हणाली. "ते खाली नेमके कसे गेले?"

मी सांगितलं. हातात टोक होतं, म्हणून करून दाखवता आलं नाही.