प्रभाकाकूंचा पामटॉप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. एकदा अकोल्याहून अमरावतीला येताना एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं होतं. दोनदा घसा खाकरलाही — पण तेवढ्यात मूर्तिजापूर आलं आणि तो पिशवी उचलून उतरून गेला. बरंच झालं म्हणालो. तुम्ही कुठे उतरणार ते मला माहीत नाही. उतरेपर्यंत ऐका.

गोष्ट तशी एका यंत्राची आहे. मोबाईल जेव्हा नुसता बोलायच्या कामाचा होता, तेव्हा पामटॉप नावाची एक वस्तू मिळायची. तळहातात मावणारी, काचेवर बारीक काडीनं लिहायची. नंबर, पत्ते, तारखा त्यात ठेवायच्या आणि अधूनमधून तो कॉम्प्युटरला जोडून दोन्हीकडचं सारखं करून घ्यायचं — त्याला सिंक म्हणायचे. आता सांगतो तर माझे विद्यार्थी हसतात. मी अमरावतीला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे. वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहितो : आधी बॅकअप, मग बाकी सगळं. मुलांना वाटतं, सर शिस्तीचे आहेत.

मनोहरकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. अकोल्याला कापसाच्या फार्मवर नोकरीला होते. संकरित बियाणं करायचं तर दुसऱ्या दिवशी उमलणारी कपाशीची कळी आदल्या दुपारी उघडावी लागते, आतले पुंकेसर नखानं काढून टाकावे लागतात, आणि मधल्या नाजूक दांडीला जराही धक्का लागू द्यायचा नसतो. नवशिका माणूस निम्म्या कळ्या मोडून ठेवतो. काकांच्या हातून कळी मोडत नसे. त्यामुळे घरातली सगळी बारीक कामं त्यांच्याकडे — चष्म्याचा स्क्रू, साखळीचा अडकलेला फासा, लहानपणी माझ्या पायात मोडलेला बाभळीचा काटा. काका काढून राह्यले म्हटलं की मी रडायचं थांबायचो. त्या हातांवर आमचा तेवढा विश्वास होता.

हातांचं एवढं का सांगतोय? कळेल.

प्रभाकाकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. आवाज खणखणीत. काका कमी बोलायचे, काकू दोघांचं मिळून बोलायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आधी पाटी आणली, पण खडूच्या भुकटीनं त्यांना खोकला यायचा. त्यांच्या भाच्यानं, जो पुण्यात नोकरीला होता, आपला जुना पामटॉप आणून दिला. त्यात चित्र काढण्यासाठी कोरं पान यायचं. काकू त्यावर काडीनं लिहायच्या आणि काकांपुढे धरायच्या. पुढचं लिहायला पुढचं पान. जुनं पान आपोआप साठून राहायचं. पुसत का नाही, असं मी एकदा विचारलं तर त्यांनी लिहून दाखवलं, ‘पुसू कायले, जागा आहे ना.’

म्हणजे कळतंय ना काय साठत गेलं? त्यांच्या शेवटच्या दिवसांतलं सगळं बोलणं. अर्थात फक्त त्यांच्या बाजूचं. काकांची उत्तरं हवेत गेली, काकूंचे प्रश्न राहिले. ‘तुमी जेवले काय?’ ‘पोळी करपून राह्यली.’ ‘पंखा कमी करा.’ ‘हासू नका.’ एका पानावर नुसती वाटी काढलेली आणि पुढे प्रश्नचिन्ह — वाटी कुठे ठेवली, एवढंच विचारायचं असेल. काकू गेल्या, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि काका तो पामटॉप घेऊन माझ्यासमोर बसले. हे सगळं कॉम्प्युटरवर घेता येईल का, असं त्यांनी विचारलं. यंत्र जुनं आहे, कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि मोठ्या पडद्यावर अक्षर मोठं दिसेल. त्यांना तेवढंच हवं होतं.

तेव्हा मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मला लिनक्सचं वेड लागलेलं होतं. वेड म्हणजे काय — आम्ही हॉस्टेलचे चार-पाच जण स्वतःला जगावेगळे समजायचो. दिसेल त्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स घालणं हे आमचं समाजकार्य. काकांच्या कॉम्प्युटरवरही मीच घातलेलं. काका त्यावर पत्ते खेळायचे, त्यांना काय फरक पडत होता? पण मी घरात भाव खाऊन घेतला होता.

आता गंमत बघा. पामटॉपसोबत आलेली सीडी विंडोजवर लावली असती तर काम चहा होईपर्यंत संपलं असतं. चौकातल्या सायबर कॅफेवाल्याकडे तसा कॉम्प्युटर होता. काकांनी विचारलंही, तिकडे नेऊन पाहायचं का? मी म्हणालो, काही गरज नाही, हे माझ्यावर सोडा. कॅफेवाला माझ्याबरोबर शाळेत होता आणि लिनक्सवरून मला चिडवायचा. त्याच्या दारात जाणं मला कमीपणाचं वाटलं. अशा एवढ्याशा गोष्टी असतात हो. मोठं काही नसतं.

मी पामटॉप जोडला. पहिल्यांदा कॉम्प्युटरनं त्याला ओळखलंच नाही. सिंकचं बटण दाबलं की तो क्षणभर दिसायचा आणि गायब व्हायचा. मी परवानग्या बदलल्या, पोर्ट बदलला. मग पत्ते आले, तारखा आल्या — काकूंनी टिपलेली दवाखान्याची तारीखही आली — पण हातानं लिहिलेली पानं येईनात. त्यांच्यासाठी लिनक्सवर वेगळा प्रोग्राम लागत होता. काका शेजारी बसून पाहत होते. मी त्यांना म्हणालो की अमरावतीला नेतो, मित्र आहेत, होऊन जाईल. त्यांनी पामटॉप रुमालात गुंडाळून दिला. पिशवीत नको, खिशात ठेव म्हणाले.

तिथे हॉस्टेलवर मी ती सगळी पानं पामटॉपवरच वाचली. वाचायची नव्हती खरं तर. नवराबायकोचं बोलणं ते. पण वाचली.

आणि आता ते सांगतो ज्यासाठी इतका फिरत आलो. पामटॉपमधलं जसंच्या तसं उचलून कॉम्प्युटरवर ठेवायची एक साधी आज्ञा होती. पानं उघडली नसती, पण सुखरूप राहिली असती. उघडायचं नंतर पाहता आलं असतं. मला ती आज्ञा माहीत होती — हे मुद्दाम सांगतो. माहीत होती. पण मला ती पानं नुसती वाचवायची नव्हती, लिनक्सवर उघडून दाखवायची होती. मित्र भोवती बसले होते ना.

रविवारची दुपार. चार्जर अकोल्यालाच राहिलेला. प्रत्येक वेळी सिंक सुरू केलं की बॅटरी खाल्ली जात होती. त्या जुन्या पामटॉपची एक गोष्ट होती : बॅटरी पूर्ण उतरली की आतलं सगळं जायचं. हेही मला माहीत होतं. पडद्यावर सूचना आली, बॅटरी संपत आहे. मी काडीनं ती बाजूला सारली. पुन्हा आली, पुन्हा सारली. कारण या वेळी पानं आधीपेक्षा पुढपर्यंत येत होती, आणि मी मित्रांना म्हणत होतो, बघा आता. मग पडदा काळा झाला. कॉम्प्युटरवर जे काही उतरलं होतं ते अर्धवट होतं, त्यातलं एकही पान उघडलं नाही.

चार्जर मिळवून पुन्हा सुरू केला, तेव्हा पामटॉपनं माझं स्वागत केलं. नव्या मालकाचं करतात तसं. कोपऱ्यातल्या खुणांवर काडी टेकवा म्हणाला. मी टेकवली. आत काहीच नव्हतं.

अकोल्याला जाताना वाटेत मी सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. काकांच्या घरी पोचलो तर ते चहा टाकत होते. मी पामटॉप ओट्यावर ठेवला आणि सगळं उडालं एवढं म्हणालो. पुढचं वाक्य तयार होतं — माझ्या चुकीनं. ते तोंडातून निघायच्या आत काकांनी गॅस बंद केला. बराच वेळ खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कोरडेच हात पुसत राहिले. मग म्हणाले,

“तिच्या आजारपणात एकदा माह्या हातून पडला होता हा. ओट्यावरून खाली. त्यानं तर नसन झालं?”

ते पुढे म्हणाले, “तिनं तर तवाच लिहून देल्लं होतं, काई नाई झालं म्हून.”

आणि मी — इंजिनिअर होऊ घातलेला, ज्याच्या शब्दाला त्या घरात मान होता — मी म्हणालो, “असू शकते, काका. आतून ढिलं झालं असन. तवा दिसत नाही ते, मागून दिसते.”

बस. एवढंच. ओरडलो नाही, कुणाला हात लावला नाही. शांतपणे, समजावल्यासारखं बोललो. काकांनी मान हलवली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “जाऊ दे बापू. तू तरी काय करशीन. बस, चहा घे.” मी बसलो. चहा घेतला. चांगला झाला होता.

त्यानंतर काकांनी फार्मवर मोठ्या साहेबांना सांगून कळ्यांचं काम सोडलं आणि बियाण्याच्या गोदामावर बदली मागून घेतली. आता डोळे साथ देत नाहीत, असं घरी सांगितलं. मला वाटलं, खरंच डोळे असतील. वाटून घेतलं. मग घरात त्यांचं एक वाक्य ऐकू यायला लागलं : माह्या हाती देऊ नका, मी पाडतो. काचेचा ग्लास आला की, कुणी नवा मोबाईल दाखवायला आणला की, हेच. हळूहळू त्याची घरात थट्टा झाली. कुणी काही जपून ठेवायला सांगितलं की दुसरा म्हणायचा, काकांजवळ देऊ नको हं. सगळे हसायचे. काकाही हसायचे. मीही हसलो आहे, एकदा नाही, पुष्कळदा. त्या हसण्याची लाज मला खोट्यापेक्षा जास्त वाटते.

माझ्या मुलीचं नामकरण होतं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, लेक सगळ्यांच्या मांडीवरून फिरत फिरत काकांपुढे आली. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. माझ्या बायकोला वाटलं, पुरुष माणूस, लाजतोय. तिनं आग्रह केला. शेवटी काका पलंगावर चढून मधोमध बसले, दोन्ही बाजूंनी उशा लावायला सांगितल्या आणि मला म्हणाले, “तू खालून हात ठेव. सोडू नको.” मी त्यांच्या हातांखाली माझे हात धरले. माझ्या तळव्यांवर त्यांचे हात टेकले होते आणि ते जराही हलत नव्हते. एवढे स्थिर हात मी आजवर पाहिले नाहीत. त्यांचं तोंड माझ्या कानाजवळ होतं, माझं त्यांच्या. सांगायला याहून जवळ कुणी येऊ शकत नाही. मी म्हणालो, नाही सोडत, काका.

मुलगी आता सायकल चालवते. काका मागच्या उन्हाळ्यात गेले.

माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं. ते तेव्हाही होतं, चहा पितानाही होतं. त्यानं काही फरक पडला नाही.

आता एकच राहिलं. काका म्हणाले होते ना, तिनं लिहून देल्लं होतं? हॉस्टेलवर मी वाचलेल्या पानांत ते पान होतं. अक्षर जरा वाकडं, घाईत लिहिलेलं, पामटॉप जमिनीवरून उचलून लगेच लिहिलं असावं. त्यानंतरही पुष्कळ पानं होती, सगळी धड. काकूंनी लिहिलं होतं, ‘पडला त पडला. चालून राह्यला ना. तुमच्या हाताले लागलं काय?’

ते पान आता कुठेच नाही. मी ते वाचलं होतं, आणि वाचूनही काकांना तसं म्हणालो.