पित्त नव्हे, ल्युपस

मैत्रिणींनो, आज सकाळी किहीमला आमच्या शेजारच्या सुमनताई वाटीभर कोकमाचं आगळ घेऊन आल्या. माझ्या गालांवरचे लाल चट्टे त्यांनी कुंपणापलीकडून पाहिले होते.

"पित्त उठलंय. हे लावा, नि त्या गोळ्या सोडा बघू. किती वर्सं खाताय!"

गोळ्या मी आधीच सोडल्या होत्या. बरं वाटत होतं, म्हणून तीन आठवडे घेतल्याच नाहीत.

मी त्यांना सांगितलं, हे पित्त नाही, ल्युपस आहे. रोगाशी लढणारी शरीराची शक्ती आपल्याच शरीरावर उलटते. कातडी, सांधे, कधी मूत्रपिंडंही. दुसऱ्याला मात्र लागत नाही.

"मग जाणार कधी?"

"जात नाही. औषधांनी आटोक्यात राहतो."

"म्हंजे माझ्या सासूसारखा! जात न्हाय, सांभाळायचा."

आम्ही दोघी खूप हसलो. त्या गेल्यावर मी अलिबागच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं सांगितलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरसमोर चूक कबूल करताना व्हायचा तसाच आवाज झाला माझा. त्यांनी लगेच रक्त-लघवी तपासायला बोलावलं. दुपारी जाऊन नमुने देऊन आले, रिपोर्ट उद्या मिळतील.

बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे तुम्हाला कुणी वेळेवर सांगितलं होतं का?