आणि पार्टी

स्पष्टच सांगतो, भूतबित मी मानत नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं घर आमचं. कोणाच्या अंगात आलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "त्याला आधी डॉक्टरकडं न्या." त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण लिहितो.

मी नाशिकरोडला राहतो. संगीतकार आहे — म्हणजे सिरीयलमध्ये सासूने मान वळवली की जे 'ढॅण्' वाजतं ना, ते माझं. नाव मात्र दुसऱ्याचं येतं. उभी हयात यातच गेली. गेल्या वर्षी कुठे स्वतःच्या नावावर एक सिनेमा मिळाला, आणि नेमका शेवटच्या गाण्यावर अडकलो. मुखडा झकास, पण अंतरा काही केल्या सुचेना. डायरेक्टर पोरगा चांगला, पण तोही टेकीला आला. सकाळीच फोन. "दादा, संध्याकाळपर्यंत द्या. नाहीतर प्रोड्यूसर सगळा सिनेमाच मुंबईच्या माणसाला देतायत. माझ्या हातात काही राहिलं नाही."

फोन ठेवला आणि ढसाढसा रडलो. या वयात मला दुसरा सिनेमा कोण देणार होतं?

अण्णा इगतपुरीला रेल्वेत होते आणि गायन पार्टीत कोरसला गायचे. तिथली पद्धत अशी, की मुख्य गायक ओळीचा शेवट मुद्दाम सोडतो आणि कोरसवाले तो उचलतात. अण्णा आधी पेटीच्या लाकडावर दोन थापा मारायचे, मग उचलायचे. कॅसेट निघाल्या. त्यांवर मुख्य गायकाचं नाव आणि खाली 'आणि पार्टी'. अण्णा जन्मभर त्या पार्टीतच राहिले. पुढे घशाचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये आवाज गेला, बसल्या जागी दम लागायचा. काही हवं असलं की पलंगाच्या लाकडावर दोन थापा मारायचे. सिनेमा मिळायच्या आधीच ते गेले.

तर त्या दुपारी मी मागच्या खोलीत डमी गायला बसलो. डमी म्हणजे शब्दांशिवाय, नुसतं ला-ला करत चाल गायची. भिंतींना गोधड्या टांगून केलेला माझा स्टुडिओ तो. दार बंद, आई शेजारी गेलेली. मुखडा गायलो, सवयीने शेवट सोडला, आणि पुढे सुचेना म्हणून डोकं धरून बसलो. रेकॉर्डिंग चालूच होतं.

मग रेकॉर्डिंग लावून ऐकलं. माझा मुखडा... शांतता... लाकडावर दोन थापा. आणि एका पुरुषाच्या आवाजाने मी सोडलेली ओळ उचलली, वर नेली, अख्खा अंतरा गायला आणि अलगद मुखड्यावर आणून सोडलं.

आईची शपथ, खोलीत मी काहीच ऐकलं नव्हतं!

आई आल्यावर काही न सांगता तिच्या कानांना हेडफोन लावले. तिने माझं मनगट गच्च धरलं. "अण्णा हायत रे तुझे," म्हणाली. मग हळूच, "बघ की, दम लागत नाय त्यांना."

माझा रेकॉर्डिस्ट मित्र देवळ्याचा. तो म्हणाला, "जुनं काहीतरी मिसळलं असंल, भाऊ." अरे, मिसळेल कसं? चाल त्याच आठवड्यात बांधलेली. आणि अण्णांचं एकट्याचं रेकॉर्डिंग जगात कुठेच नाही. त्याने फाइल उलटीपालटी करून पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.

डायरेक्टर मात्र ऐकून वेडा झाला. "दादा, कोण आहेत हे बाबा? यांचाच आवाज ठेवू, असाच, शब्दांशिवाय. टायटलला नाव काय टाकू?" मी अण्णांचं पूर्ण नाव सांगितलं.

सिनेमा आला तसा गेला. मी परत 'ढॅण्'वर. त्याचं काही नाही. हे कसं घडलं, मला आजही कळलेलं नाही. आणि खरं सांगू का, मला उत्तर नकोच आहे. मला अण्णा हवेत.

आता रोज दुपारी आई मागच्या खोलीत येऊन बसते. "शेवट सोड," म्हणते. मी मुखडा गातो, शेवट सोडतो, मग दोघं ऐकतो. अजून कोणी उचललेला नाही.

काल आईनेच टेबलावर दोन थापा मारल्या, आणि दाराकडे बघत बसली.