सासरची वाटी

भांडुपच्या त्या चाळीत धाकू राऊळला सगळे लहरी म्हणत. सकाळी शेजारच्या पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटणारा हा माणूस संध्याकाळी त्यांच्याच अंगावर धावून जायचा आणि मग कोपऱ्यात तोंड लपवून रडायचा. त्याची बायको नलिनी आधी सगळं संपाच्या माथी मारायची. ब्याऐंशीत गिरणी सुटल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहिलं होतं? पण मुलुंडच्या थर्मामीटरच्या कारखान्यात लागून त्याला तीन वर्षं झाली, पगार वेळेवर येत होता, तरी धाकूचं वाढतच चाललं होतं. असला गरीब स्वभावाचा माणूस असा का झाला, याचा विचार करून करून ती थकली.

शहाऐंशीच्या श्रावणात तिच्या मंगळसूत्राची एक वाटी पांढुरकी पडली. माहेरची पिवळीधमक, सासरची तेवढी राखाडी. गेल्याच महिन्यात धाकूने मंगळसूत्र गाठवून आणलं होतं. लहर लागली असेल, वाटी विकून भलतंच काहीतरी अडकवलं असेल, दुसरं काय!

"वाटी विकल्यात ना माजी?"

"नाय गो, तुजी शप्पत," धाकू म्हणाला. त्याचे हात थरथरत होते. खोटं बोलतोय म्हणूनच, असं तिने धरलं आणि ट्रंक भरायला घेतली. आता सावंतवाडीला भावाकडे जायचं ते कायमचंच. फक्त आधी सोनाराच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हाताऱ्या श्यामसुंदर पोतदारांनी वाटी कसोटीवर घासली.

"सोनं खरं आहे, बाई. याला पारा लागलाय. घरात पारा कुठून आला?"

नलिनीने थर्मामीटरच्या कारखान्याचं सांगितलं. धाकूचा कामाचा सदरा तीच धुवायची. शिवणींतून चकचकीत थेंब निघायचे. सासरची वाटी मोठी, वाकलं की तीच बादलीत बुडायची.

"नवरा पाऱ्यात काम करतो? सोडवा त्याला," पोतदार म्हणाले. "पूर्वी आमच्याकडे पाऱ्याचा मुलामा देणारे कारागीर होते. हात कापायचे त्यांचे. आता हसतील, लगेच मारायला उठतील. आम्ही त्यांना लहरी म्हणायचो. पारा भिनतो, हे फार उशिरा कळलं."

घरी चालताना नलिनीला तिचे बाबा आठवले. गावात कुणाला साप चावला की ते त्याच्या उशाशी बसत. विष अंगात लाटेसारखं चढायचं, ओसरायचं, पुन्हा चढायचं. "लहर येताहा, धरा तेका," बाबा ओरडत. लहर म्हणजे लाट. लहरी हा शब्द तिथलाच, आणि तिला तो लहानपणापासून ठाऊक होता. तरी तीन वर्षं तिने धाकूला नावं ठेवली, धरलं एकदाही नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

धाकू ट्रंकेशेजारी बसला होता.

"काय म्हणालो सोनार?"

"सोना खरा आसा. उद्यापासून थंय कामार जाव नकात."

धाकू हमसून रडायला लागला आणि नेहमीसारखा उठून कोपऱ्याकडे निघाला. नलिनीने त्याला जाऊ दिलं नाही. लहर ओसरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं.