मामाच्या टेंपोचा ब्रेक

भिसेगावात सहदेवमामा रागावला नाही असा दिवस उगवला, तर शेजारीपाजारी त्याच्या तब्येतीची चौकशी करायला जात. भाजीचा टेंपो चालवणारा हा किडकिडीत माणूस रस्त्यातल्या खड्ड्यावर रागवे आणि खड्डा बुजवला की बुजवणाऱ्यावर रागवे. पण त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात तो जो भडकला, त्याला निदान कारण होतं.

त्याची भाची पारू हिचं लग्न लोधिवलीला, नवऱ्या मुलाच्या दारी होतं. नवरीला बोहल्यावर न्यायचं ते मामाने. असा टेंपोवाला मामा घरात असताना पारूच्या बापाने, चांगोने, वऱ्हाडासाठी खालापूरचा टेंपो ठरवला. मागच्या महिन्यात मामाची गाडी वळणावर थांबायची, ती चांगोच्या पेंढ्याच्या उडवीत शिरून थांबली होती. चांगोने भर मांडवात सांगून टाकलं, "सहदेवाची गाडी निघते त्याच्या मर्जीनं, थांबते देवाच्या मर्जीनं." मांडव हसला. मामाची बायको इंदूबाई, तीसुद्धा हसली.

"पारू माझ्या गाडीतनं जाईल, नायतर मामा लग्नाला नाय," असं बजावून मामा तडक घरी आला आणि टेंपोखाली शिरला.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती. पायडल दाबलं की भिजलेल्या गादीवर पाय दिल्यासारखं खाली जाई. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पुढे बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने मागच्या चाकाशी पडून तेलाची छोटी तोटी सैल करायची. हवा निघाली की तोटी आधी बंद, पायडल मग सोडायचं. आता दुसरा माणूस आणायचा कुठून? शेजारचा गजा मदतीला आला, त्याला मांडवात हसलास म्हणून हाकललं. इंदूबाई पदर खोचून आली, तिलाही त्याच गुन्ह्याखाली परत पाठवलं.

मामाने घरातलं मुसळ आणून पायडल आणि सीट यांच्यामध्ये ठोकून बसवलं आणि चाकाशी जाऊन तोटी सोडली. पायडल खाली गेलं, मुसळ निसटून आडवं झालं, पायडल उसळून वर आलं आणि जेवढी हवा निघाली होती तेवढी परत आत गेली. मामाने मुसळाचा उद्धार केला. ते घडवणाऱ्या सुताराचा केला. सुतार चांगोच्या भावकीतला निघाला, तेव्हा मामाला जरा बरं वाटलं.

मग त्याने तोटीला रबरी नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं आणि स्वतः पायडल मारत बसला. ही युक्ती खरोखर चालली. बाटलीत बुडबुडे येऊ लागले, मामा हर्षाने पाय हाणू लागला. प्रत्येक दणक्याला चांगोचं नाव होतं. या भरात वरची तेलाची टाकी बघायची राहिली. ती कोरडी पडली आणि सगळ्या नळ्यांत पुन्हा हवा भरली.

मामाने पाना अंगणात फेकला. तो पारूच्या पायाशी पडला.

हळद लागलेली पोर, उंबरठा ओलांडायचा नाही म्हणून बजावलेली, मागच्या दाराने आली होती. मामाचा तोल गेला. "हळदीच्या अंगानं बाहेर फिरतेस? अक्कल हाय का गं? कोन बोलेल काय?"

"मला खालापूरच्या गाडीत नाय बसायचं," पारू म्हणाली आणि सीटवर चढून बसली. "दाबू का, ते सांग."

मामाने टाकी भरली. मग त्याच्या "दाब" आणि "सोड" या गर्जना आळीभर ऐकू गेल्या. मधूनमधून, लवकर सोडलंस म्हणून नवरीलाही शिव्या खाव्या लागल्या. शेवटी पायडल दगडासारखं घट्ट झालं. त्यावर हळदीचा पिवळा तळवा उमटला होता. मामाने गाडी पुसली, पायडल मात्र पुसलं नाही.

सकाळी पारू मामाच्याच गाडीत बसली. चांगोला खालापूरचा टेंपो परत पाठवावा लागला, आणि तो स्वतः मामाच्या गाडीत मागे रुखवताच्या टोपल्या धरून बसला. मामाचा राग अजून उतरला नव्हता. चौक गावापर्यंत मामाने वळण असो नसो ब्रेक मारला. लोधिवलीच्या मांडवासमोर तर असा मारला, की रुखवताचे लाडू उडून चांगोच्या अंगावरून घरंगळत मुलाकडच्यांच्या पायापर्यंत गेले.

मामा खाली उतरला, फेटा सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "दाजी, थांबली का?"